दुकान हलवल्याची पाटी

शनिवार, ७ मार्च

प्रिय वन्सं,

नमस्कार. वाकून केला असं समजा. गुडघा धरलाय, तेव्हा तुम्ही समोर असतात तरी खुर्चीतूनच केला असता आणि तुम्ही तोंड वाकडं केलं असतंत. तुमची तब्येत चांगली असेलच. तुमच्या तब्येतीला काही व्हायची हिंमत नाही.

पत्र बघून घाबरू नका, कोणी गेलं-बिलं नाही. फोनच करणार होते. पण तुम्हाला कमी ऐकू येतं म्हणून भाचेबुवा फोन मोठ्या आवाजावर लावून मधल्या टेबलावर ठेवतात, आणि मग मी इकडे खोकले तरी तुमची सून स्वयंपाकघरातून विचारते, काकू, औषध घेतलं का. मला तुमच्याशी बोलायचंय, सभा भरवायची नाही. म्हणून कागद.

तर बातमी अशी, की मी माझ्या ब्लॉगला नवे कपडे शिवायला काढलेत. ब्लॉग म्हणजे काय ते मागच्या भेटीत तुम्हाला सांगितलं होतं, पण तेव्हा तुम्ही मान हलवत हलवत झोपलात, म्हणून परत सांगते. तुमचे दादा गेल्यावर दुकानात दुपारच्या वेळी करमेना. आधी दोन मशिनी एकमेकींशी भांडल्यासारख्या चालायच्या, आता एकटीची चालते, तीही मध्येच थांबते. माझी बडबड सगळी शेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या वाट्याला आली. त्याने बिचाऱ्याने कंटाळून फोनवर मला एक पान काढून दिलं. म्हणाला, मावशी, इथे लिहा, सगळं जग वाचेल, मला जरा कामं उरकू द्या. वायफायही त्याचंच वापरते दिवसभर, फुकट. भिंतीतून येतं ते.

पानाचं नाव ठेवलंय ‘उलटी बाजू’. त्यात मी गिऱ्हाइकांचं लिहिते. नावं घेत नाही, मापं घेते. एक साहेब आहेत, माप देताना श्वास ओढून पोट आत घेतात, आणि आठवड्याने पँट घेऊन येतात, की तुम्ही कंबर घट्ट केलीत. एक बाई दर वर्षी तोच कोट सैल करायला आणतात आणि कोट आटला म्हणून कापडवाल्याला शिव्या घालतात. लोक वाचतात हो. हसतात. अधूनमधून उपयोगाचंही लिहिते, बटण कसं लावायचं, पँटीची उसवलेली घडी हाताने कशी घालायची. एकट्या राहणाऱ्या माणसाला येत नाही ते.

पण पान दिसायला भयंकर. निळ्यावर निळी अक्षरं, डोक्यावर कुठून तरी आलेलं एक गुलाबाचं फूल, आणि ओळी अशा वर-खाली, जशी नवशिक्याने मारलेली टीप. म्हटलं, हे सुधारायचं. मोठ्या रस्त्यावर काचेचं ऑफिस आहे, तिथे गेले. एक टाय लावलेला मुलगा बसला होता. टाय दोन बोटं आखूड. तो म्हणाला, तुमचं बजेट काय? मी म्हटलं, तुमचा टाय लांब करून देते. तो हसला नाही. त्याने कागदावर आकडा लिहून माझ्याकडे सरकवला. तो वाचून मात्र मी हसले. त्यात मला नवं मशीन आलं असतं आणि ते चालवायला माणूसही.

मग फुकटातली तयार डिझाइनं बघितली. ती तयार कपड्यांसारखीच. सगळ्यांना होतात, बसत कोणालाच नाहीत.

शेवटी डिझाइन आपल्या पायांनी दुकानात आलं. एक मुलगी आली, दिवस गेलेली, पोटावर पँट बसेना म्हणून. बोलता बोलता कळलं, ती घरी बसून हेच काम करते, लोकांची पानं सजवते. तिचा हात तंग, माझाही. तर आमचं ठरलं असं: तिने माझं पान सजवायचं, मी तिचे कपडे लागतील तसे सैल करत जायचे आणि बाळंत झाली की परत बसते करून द्यायचे. दोघींना खिशात हात घालायला नको. मी तिला डिझाइनवाली म्हणते, ती मला मावशी म्हणते.

तुम्ही म्हणाल, या वयात हिला नटायची हौस आली. तसं नाही. गिऱ्हाईक वाढेल, म्हणून.

बाकी सगळं ठीक. आमच्या खडूचा फोन येतो का हो आत्याला? येत असेलच. दहावीला तुमच्याकडे होता, तुमचा लळा आहे त्याला. सहज विचारलं. शिंप्याच्या घरात जन्मून कापडावरचा खडू खाणारा तो एकटाच, आणि आता एवढ्या मोठ्या शहरात शोरूम सजवणाऱ्या कंपनीत साहेब. मला मेसेज असतो त्याचा. म्हणजे मी विचारते, जेवलास का, आणि तो अंगठा पाठवतो. एवढा शिकवला, शेवटी अंगठाच.

उत्तर लिहा. फोन नको.

तुमची,
वहिनी


रविवार, १९ एप्रिल

प्रिय वन्सं,

नमस्कार. तुमचं पत्र मिळालं. अक्षर अजून तेच, मुंग्यांनी साखर बघितल्यासारखं. पण वाचलं सगळं.

खडू दर पंधरा दिवसांनी तुम्हाला फोन करतो, हे वाचून बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, टोमणा नाही. त्याने घर बदललं आणि मध्यंतरी त्याला ताप येऊन गेला, हेही तुमच्या पत्रातूनच कळलं. आता तो बरा आहे ना? तुम्ही लिहिलं नाहीत.

आधी पानाचं सांगते.

काय सुंदर झालंय म्हणून सांगू. पण डिझाइनवालीला मी सोपं जाऊ दिलं नाही. तिने पहिल्यांदा दाखवलं तेव्हा दोन्ही बाजूंना ही एवढी मोकळी जागा. मी म्हटलं, एवढा दाब कशाला सोडलास, पुढे सैल करायचंय का? तिला वाटलं मी चिडले. तिला समजावलं, की शिलाईच्या आत जास्तीचं कापड ठेवतात त्याला आम्ही दाब म्हणतो. ती म्हणाली, मावशी, मोकळी जागा असली की वाचणाऱ्याच्या डोळ्याला बरं वाटतं. मग राहू दिली.

रंगावरून तर आमचं भांडणच झालं. तुमच्या दादांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, दोऱ्याचा रंग दिव्याखाली बघायचा नाही, कापड आणि रीळ घेऊन दाराबाहेर उन्हात जायचं. तसा मी तिचा लॅपटॉप उचलला आणि गेले दाराबाहेर. उन्हात पडदा काळा ठिक्कर. त्यात माझंच तोंड दिसलं. रस्त्यावरचे लोक बघतायत, ही मागून पोट धरून ‘मावशी, पडेल, मावशी, पडेल’ करत येतेय. मला कळेना, लॅपटॉप पडेल म्हणतेय का पोर. शेवटी ओल्या मातीसारखा तपकिरी ठरला, आणि अक्षरं काळी. गुलाब गेला. त्याच्या जागी तुमच्या दादांच्या कात्रीचा फोटो. आणि ओळी, वन्सं, एका रेषेत. पट्टी लावली तरी केसाएवढी हलणार नाही.

खडू लहान असताना दुकानाची पाटी बघून म्हणायचा, आई, आपली अक्षरं सरळ नाहीत. शाळेतल्या मुलांना घेऊन दुकानावरून जायचा नाही, मागच्या गल्लीने जायचा. मला वाटायचं, पोराला मागची गल्ली आवडते.

आता खरं लिहिते, कारण अर्धं पत्र झालं आणि मी अजून कात्रीतच अडकलेय.

जुन्या पानाच्या तळाशी एक चौकट होती. आज पान कोणी कोणी उघडलं, ते कुठल्या गावावरून, हे त्यात यायचं. माणसाचं नाव नाही, फक्त गावाचं. रोज आपलं इथलंच नाव. पण रविवारी, दुकान बंद असतं तेव्हा, दुपारची भांडी घासून मी घरी फोन घेऊन बसले की चौकटीत खडूच्या शहराचं नाव आलेलं असायचं. दर रविवारी. त्या शहरात माझ्या ओळखीचं दुसरं कोणी नाही.

गेल्या वर्षापासून हे चाललंय. मी कोणाला बोलले नाही. तो फोन उचलत नाही, पण वाचतो, एवढं मला पुरत होतं. बटण लावायची रीत मी तीनदा लिहिली, ती का लिहिली ते आता तुमच्या लक्षात येईल. खडू खाणाऱ्या पोराचंही लिहिलं, नाव न घेता. आणि पान सुंदर का करायचं, तर गिऱ्हाइकासाठी नाही. त्याच्या कंपनीत सगळे दिसण्याचंच काम करणारे. तो वाचत असताना मागून कोणी डोकावलं, तर त्याला पान झाकावं लागू नये.

आणि मी काय केलं? डिझाइनवाली काम संपवून उठली, तिच्या कळा सुरू झाल्यासारख्या वाटत होत्या, तिचा नवरा दारात गाडी चालू ठेवून उभा. तिने घाईत विचारलं, मावशी, नवीन पान नवीन पत्त्यावर आहे, जुन्याचं काय करू? मी म्हटलं, पुसून टाक. एकाच नावाची दोन दुकानं म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूक. तुमच्या दादांनी दुकान हलवलं तेव्हा जुन्या जागेवर एक सुई ठेवली नव्हती. तिने पुसलं. ती गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की तुमच्या दादांनी सुई ठेवली नव्हती, पण शटरवर कागद चिकटवला होता. दुकान हलवलं आहे, आणि खाली नवीन पत्ता, बाण काढून. तो कागद लावायचं मी विसरले.

दवाखान्यात तिला फोन केला. लाज सोडून केला. मुलगी झालीय तिला, छान आहे. म्हणाली, मावशी, पुसलेलं परत येत नाही, आणि तो पत्ताही आता कोणाला मिळत नाही. मी म्हटलं, अगं मालकीण आहे मी. तर म्हणाली, मालकिणीलाही नाही.

तेव्हापासून चौकटीत त्याचं शहर नाही. नवीन पानालाही तशीच चौकट आहे, आधीपेक्षा सुबक. रविवारी दुपारभर बघत बसते. कुठली कुठली नावं येतात, ते एक येत नाही. तो जुन्या पत्त्यावर जाऊन परत फिरत असेल. त्याला वाटत असेल, आईने बंद केलं.

तुम्ही म्हणाल, मग मेसेज करून सांग की त्याला. नाही सांगता येत. दुकानाबाहेर उभं राहून काचेतून बघणाऱ्याला हाक मारायची नाही, हा तुमच्या दादांचा नियम होता. हाक मारली की तो पुढे सरकतो. खडू असाच बाहेर उभा आहे. मला माहीत आहे हे त्याला कळलं, की संपलं.

म्हणून तुम्हाला सांगते. पुढच्या वेळी त्याचा फोन आला की बोलता बोलता, सहज, तुझ्या आईने ब्लॉग नवीन केलाय म्हणे, एवढंच म्हणायचं. तुमच्या त्या सहजची मला भीती वाटते, पण दुसरं कोणी नाही. पत्ता वेगळ्या चिठ्ठीवर लिहून आत घातलाय. त्याने विचारला तर द्या.

सुनेला कळू देऊ नका.

तुमची,
वहिनी


रविवार, ३१ मे

प्रिय वन्सं,

तुमचं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, रागावू नका. रागावलात तरी चालेल, तुम्हाला ते शोभतं.

मी सांगितलं तसं तुम्ही केलंत. तो काय म्हणाला, तेही तुम्ही जसंच्या तसं लिहिलंत, साखर लावली नाहीत. नंतर सावकाश विचार केला, की बरं झालं नाही लावलीत.

“कसला ब्लॉग?”

एवढंच ना. आणि मग भाचेबुवांच्या नव्या गाडीबद्दल विचारत राहिला.

खरं सांगते, वाचून मला आधी हसू आलं. तोंडाला पांढरा खडू लागलेला असताना तो असाच उभा राहायचा आणि म्हणायचा, कसला खडू? मी म्हटलं, आहे, तसाच आहे. लपवतोय म्हणजे वाचतोय. या खुशीत मी दोन-तीन आठवडे काढले. त्या पोट आत घेणाऱ्या साहेबांची कंबर न बोलता सैल करून दिली, पैसेही कमी घेतले.

मग डिझाइनवाली आली, मुलीला घेऊन, ठरल्याप्रमाणे कपडे परत बसते करायला. पोर कटिंगच्या टेबलावर कापडांच्या गठ्ठ्यात झोपवली. मी तिच्या कमरेला टाचण्या लावत होते आणि टाचण्या तोंडात धरूनच तिला सगळं सांगून टाकलं. खडूचं, रविवारचं, चौकटीचं. म्हटलं, बाई गं, काहीतरी कर, जुन्या दारावर एक कागद तरी लाव.

 मग तिने मला विचित्र प्रश्न विचारले. रविवारी मी कुठे असते. घरी वायफाय आहे का. मी म्हटलं, घरी कुठलं, झेरॉक्सवाल्याची भिंत काय घरापर्यंत येते? घरी फोनचं नेट. तिने माझा फोन मागितला. काहीतरी दाबलं, वायफाय बंद केलं, पान उघडलं आणि चौकट माझ्यासमोर धरली.

खडूच्या शहराचं नाव होतं, वन्सं. कधी नव्हे ते मधल्या वारी.

मी तोंडातल्या टाचण्या काढल्या. म्हटलं, आला बघ.

ती खूप हळू बोलली. “मावशी, हे तुम्हीच आहात.”

तिने समजावलं ते असं. आपल्या फोनचं नेट त्या मोठ्या शहरातून फिरून येतं, त्यामुळे चौकटीला वाटतं माणूसही तिथलाच. झेरॉक्सवाल्याचं वायफाय मात्र इथलंच नाव दाखवतं. म्हणून आठवडाभर मी इथली असायचे, आणि रविवारी घरी बसून पान उघडलं की मी तिथली व्हायचे. नवीन पान करताना तिने मालकिणीला मोजायचं नाही असं बटण लावून ठेवलं होतं, उगाच आकडा फुगू नये म्हणून; तेच तिने आत्ता घटकाभर काढलं होतं. त्यामुळे ते नाव दिसेनासं झालं. जुनं पान पुसल्यामुळे नाही. तिथे कोणी येतच नव्हतं.

तुम्ही हसा. मीही हसले. एवढी हसले की टेबलावरची पोर उठून रडायला लागली, आणि मग तिला घेऊन दुकानभर फिरावं लागलं. दुसऱ्या दिवशी डिझाइनवाली पँट घेऊन परत आली. कंबर मी इतकी आत घेतली होती की तिच्या मुलीला झाली असती. आजवर माझ्या हातून माप असं कधी चुकलं नव्हतं. उसवून परत करून दिली.

वर्षभर मी खिडकीत उभी राहून बाहेरचं कोणी बघतंय का बघत होते, आणि काचेत मीच होते.

तुम्ही पत्रात विचारलंत, तुमच्यात बिनसलं तरी काय, मला सांग, मी मिटवते. वन्सं, बिनसलं असतं तर मीच मिटवलं असतं. मला भांडण येतं, ते मिटवताही येतं. इथे तसं काही नाही. आधी रोज फोन यायचा, मग रविवारी, मग मी केला तर, मग तोही वाजून बंद व्हायला लागला. कुठल्या दिवशी काय झालं, हे बोट ठेवून दाखवता येत नाही. उसवलं असतं तर शिवलं असतं. हे विरलंय. विरलेल्या कापडात सुई घातली की भोक मोठं होतं, एवढं मला कळतं. तो वाईट नाही. अंगठा पाठवतो. त्याच्या दिवसात माझी जागा तेवढीच आहे. त्याला कोणी काय करणार, आणि मी तर काहीच नाही.

आता तुमच्या शेवटच्या ओळीबद्दल. चिठ्ठी आरशाच्या मागे खोचून ठेवलीय, त्याला पत्ता देऊन टाकू का, असं तुम्ही विचारलंय. तुमच्या दृष्टीने ते अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

देऊ नका.

आज तो येत नाही, कारण त्याला पत्ता माहीत नाही. पत्ता असला आणि तरी आला नाही, तर मी रविवारी दुपारी काय करायचं, ते मला सांगा. तुम्हाला सांगता येत नसेल तर चिठ्ठी फाडा. तो विचारेल तेव्हा मी दुसरी लिहून देईन, माझं अक्षर अजून शाबूत आहे. तो विचारायच्या आधी मात्र नको. तुमच्या पाया पडते, गुडघा दुखत असला तरी.

डिझाइनवालीने जाताना विचारलं, मावशी, ते बटण काढून ठेवू का, म्हणजे रविवारी ते नाव परत दिसायला लागेल. तिने चांगल्या मनाने विचारलं. मी नको म्हटलं.

लिहिणं चालू आहे. आजही भांडी झाल्यावर पान उघडून बसले होते. ते खरंच फार सुंदर दिसतं हो, वन्सं. ओळी अगदी सरळ.

तुमची,
मोजणीत नसलेली,
वहिनी